उजवा पाय पुढे

मस्कीगन, मिशिगन
११ नोव्हेंबर

प्रिय गेरिट,

फोनच करणार होते, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही. तेव्हा बस आणि मुकाट्याने वाच.

सरोवरावरून पहिला बर्फ आला. दुपारी पाद्र्याच्या टेकडीकडे चक्कर मारली, तर वर पोरांची ही गर्दी. मला वाटलं, स्कीच्या डोंगरावरची मंडळी असतील, बुटांना पट्टे आवळून खाली घसरणारी. जवळ जाऊन बघते तर फळ्या. बर्फावरून उभ्याने घसरायच्या आपल्या फळ्या, गेरिट. नाकाला भोक, भोकात दोरी आणि पायाला धरून ठेवायला काही म्हणजे काही नाही. ज्या आपण अडगळीत टाकल्या, लोकांनी शेकोटीत घातल्या, त्याच ही पोरं आता हाताने नव्याने करतायत.

त्यांच्यात रोवन नावाची एक मुलगी आहे. पट्टेवाल्या बोर्डावर शर्यती जिंकलेली. मी तिला विचारलं, "पट्टे का गं सोडलेस?" तर म्हणते, "त्याच्यावर मला सगळं येतं हो. याच्यावर काहीच येत नाही. किती वर्षांनी मजा येतेय." एवढं बोलली आणि निघाली. मी जागच्या जागी उभी राहिले. ती उतरत होती पण आवाज नव्हता. बर्फ तिच्या मागे उठत होता आणि पुन्हा खाली बसत होता, आणि पोरगी त्या फळीवर होती ती केवळ फळीने तिला राहू दिलं म्हणून. लहानपणी हे आपण रोज करत होतो. तेव्हा ते बाहेरून कसं दिसतं ते आपल्याला कुठे दिसत होतं?

तर आता मी गॅरेजमध्ये फळ्या करायला घेतल्यात. हसू नकोस. पूर्वी पाय घसरू नये म्हणून वरून तारेच्या पिना ठोकलेल्या असायच्या, मी त्याऐवजी लाकडातच खाचा पाडते. पुढच्या पायाखाली आडव्या, मागच्या पायाखाली तिरक्या. ते झकास जमलंय. पण नाक वाकवताना लाकूड उकलतं. तू फळ्यांच्या कारखान्यात लाकूड वाकवायच्या खात्यात होतास, सांग काय चुकतंय ते. फेब्रुवारीत टेकडीवर सगळ्या जुन्या-नव्या फळीवाल्यांचा मेळा आहे. तुझ्यासाठी एक करतेय. ये. उतरण्यात अजून मीही काही मागे नाही, सांगून ठेवते.

तुझी थोरली बहीण,
नेल

---

टूसॉन, ॲरिझोना
२६ नोव्हेंबर

प्रिय नेल,

मुकाट्याने वाचलं. जन्मात पहिल्यांदाच, याची नोंद घे.

इथे थंडी म्हणजे संध्याकाळी स्वेटर कुठे ठेवलाय ते आठवायचं. अंगणात निवडुंग आहेत. त्यांच्यावर बर्फ पडतो तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि कॉफी निवायच्या आत तो वितळून जातो. मी मजेत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी डेल्फिना न्यायला येते, बाकी दिवस निवडुंगांशी गप्पा.

लाकडाचं सांगतो. तू ते पाण्यात उकळत असणार, ओळखतो मी तुला. पाणी नको, वाफ दे. आणि वाकवताना बाहेरच्या अंगाला पत्र्याची पट्टी लाव, दोन्ही टोकांना घट्ट. लाकूड आत दाबलेलं सोसतं, बाहेर ताणलेलं सोसत नाही. साच्यावर बसवलंस की हात काढू नकोस, घाई करू नकोस. घाई हा तुझा रोग आहे.

तू त्या मुलीचं लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आवाज नसतो ते खरं. मी विसरलोच होतो.

फेब्रुवारीचं मात्र कठीण दिसतंय. डेल्फिनाबरोबरचे वार ठरलेले असतात, ते मोडता येत नाहीत. गुडघेही कुरकुर करतात. मेळा होऊ दे, तू मला सगळं लिहून कळव.

आणि फळी करणारच असशील तर उजवा पाय पुढे धरून खाचा पाड.

तुझा,
गेरिट

---

मस्कीगन
९ डिसेंबर

गेरिट,

वाफ दिली, पट्टी लावली, हात काढला नाही. नाक असं वळलं की मी गॅरेजमध्ये एकटीच टाळ्या पिटत उभी होते. त्याबद्दल आभार. आता तुझी खरडपट्टी.

उजवा पाय पुढे? कुणाचा? तुझा तर नव्हे. तू सहा वर्षांचा असल्यापासून डावा पाय पुढे घालून उतरलास. बाबांनी पैज लावली तरी तू बदलला नाहीस, उजवा घालून दोन हातही गेला नाहीस आणि कुंपणात जाऊन रडलास. माणूस चर्च बदलेल, पक्ष बदलेल, बायको बदलेल. पुढचा पाय बदललेला एकही फळीवाला मी पाहिलेला नाही. या गावात कुणालाही विचार.

म्हणजे फळी तुझ्यासाठी नाही. बरोबर ना? मंगळवार आणि शुक्रवार. मी म्हातारी झालेय, खुळी नाही. तुला ती डेल्फिनाला भेट द्यायचीय. दे की. नेलच्या हातची फळी ॲरिझोनाच्या वाळवंटात, निवडुंगाच्या शेजारी, फोटोपुरती. तिचा पाय केवढा तेही सांगितलं नाहीस.

वाईट याचं वाटलं की तू सरळ सांगितलं नाहीस. तुझी जोन गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तुला कुणी मिळालं तर मी आनंदाने केक पाठवीन. पण तुझी फळी म्हणून मी रोज रात्री लाकडाला हात लावून झोपते आणि तू मला दुसऱ्या कुणाचा पाय सांगतोस.

तुझी फळी डाव्या पायाची झालीय. ज्याला हवी त्याने इथे येऊन न्यावी.

नेल

---

टूसॉन
२ जानेवारी

प्रिय नेल,

तुझं पत्र डेल्फिनाला वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. तिला नवरा आहे, तीन कुत्री आहेत, आणि तिने मला असं विचारायला सांगितलंय की केक कुठल्या चवीचा.

ती मला चालायला शिकवते, नेल.

मे महिन्यात माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला. साखरेचं दुखणं, टाचेला एक जखम, ती भरेना. पुढचं तुला कळलंच असेल. आता तिथे एक नळी आहे, तिला रबराचं पाऊल आहे, आणि वर मांडीपर्यंत पट्टे. फळीवाल्यांनी जन्मभर पट्टेवाल्यांना नावं ठेवली आणि शेवटी पट्टे मलाच लागले. हा विनोद मी डॉक्टरांना सांगितला, ते हसले नाहीत. तू हसशील म्हणून ठेवला होता.

सांगितलं नाही, कारण तू पहिल्या विमानाने आली असतीस आणि माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं असतंस. हे एक. दुसरं असं की तुझ्याकडे टेकडीवरचा गेरिट होता, दोन पायांवर उभा. तेवढा तरी शाबूत राहावा असं वाटत होतं.

पायाचं तुझं बरोबर आहे. कुणी बदलत नाही. पण ते रबराचं पाऊल मला काही सांगत नाही, नेल. खाली वाळू आहे की फरशी, त्याला पत्ता नसतो. फळीवर पुढचा पाय आंधळा असून कसं चालेल? म्हणून तुझं नोव्हेंबरचं पत्र आल्यावर अंगणात एका नळकांड्यावर फळकूट टाकलं आणि उजवा पुढे घालून उभं राहायला लागलो. या वयात सगळं उलटं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने सही करावी तसं. पण जमत होतं, खोटं सांगत नाही, जमायला लागलं होतं.

नाताळाच्या आधी पडलो. मोडलं काही नाही. पण उताणा पडलो होतो आणि वर आकाश होतं आणि मला उठता येईना, बराच वेळ. घाबरलो. म्हणून मी येत नाही. फळी पाठवू नकोस, भिंतीवर टांगायला मला फळी नको. तुझी डाव्या पायाची त्या रोवनला दे.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

गेरिट

---

मस्कीगन
१२ जानेवारी

गेरिट,

रागावले. बेसिनमधली सगळी भांडी दोनदा घासली. आता लिहिते.

विनोदाला हसले. उशिरा, पण हसले, आणि मग रडले, आणि मग शेजारचे हेंड्रिक काय झालं म्हणून विचारायला आले तर त्यांच्यावरही ओरडले.

तू पडलास म्हणून येत नाहीस? अरे, पट्टे नसलेल्या फळीवर आपण जन्मभर पडण्याखेरीज केलं काय? मधूनमधून उभे राहायचो, तेवढंच. मी तुला ओढून आणणार नाही. पण फळी मी करणार, ती तू थांबवू शकत नाहीस. डाव्या पायाची होती ती पूर्ण घासून सपाट केलीय. आता खाचा नव्याने पाडायच्या. वर्तमानपत्रावर उभा राहा आणि दोन्ही पायांचे आकार पेन्सिलने काढून पाठव. दोन्ही. रबराच्या पावलाला काही कळत नाही म्हणतोस, तर त्याच्यासाठी खाच खोल करीन, चारी बाजूंनी काठ ठेवीन. त्याला कळलं नाही तरी लाकडाला कळेल.

इकडे उत्तरेकडची थंडी उतरलीय. नाक उघडं ठेवून बाहेर जाता येत नाही. काल सकाळी किनाऱ्यावर गेले होते. सरोवर गोठतंय. तू विसरला असशील, गोठताना ते बोलतं. वरच्या मजल्यावर कुणी जड कपाट सरकवावं तसा आवाज, खूप लांबून येतो आणि पायाखालून निघून जातो. काठावर बर्फाचे ढीग घराएवढे, आणि त्यांच्या तोंडातून पाणी उसळत होतं. मी एवढीशी वाटत होते. वाईट नाही, बरं वाटत होतं. इतकं मोठं काहीतरी चाललंय आणि त्याला माझी काही गरज नाही. मनात आलं, तू इथे असायला हवा होतास.

नेल

---

टूसॉन
२४ जानेवारी

नेल,

सोबत दोन पाय. डेल्फिनाने पेन्सिल फिरवली. उजव्याला गुदगुल्या झाल्या, डावा सभ्यपणे वागला.

शनिवारच्या मेळ्याच्या आदल्या गुरुवारी दुपारी ग्रँड रॅपिड्सला उतरतोय. घ्यायला ये. वाटाण्याचं सूप करून ठेव, घट्ट, चमचा उभा राहील असं. मी फळीवर उभा राहीन असं मात्र म्हणालेलो नाही. नुसता बघायला येतोय.

गेरिट

---

टूसॉन
२० फेब्रुवारी

प्रिय नेल,

पोचलो. निवडुंग जागेवर आहेत. डेल्फिनाने मला दारातच मिठी मारली आणि मग नळीला गेलेला तडा बघून शिव्या घातल्या, स्पॅनिशमध्ये, म्हणजे मनापासून.

मला तुला एक विचारायचंय. तिथे होतो तेव्हा विचारलं नाही, तुझे डोळे सुजलेले होते.

शनिवारी मेळ्यात मी वर गेलो नाही, ते तू समजून घेतलंस. एवढी माणसं, एवढे कॅमेरे. रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना तू गाडी काढलीस आणि काही न बोलता टेकडीपाशी थांबवलीस, तेही मी समजलो. पायऱ्या चढून वर गेलो. वर पोचल्यावर मला सरोवर दिसलं, टोकापर्यंत पांढरं, आणि आकाशही पांढरं, मधली रेघच नाही. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग फळी ठेवली, दोरी घेतली आणि आपण नेहमी ओरडतो तसं ओरडलो, "खाली मोकळं?"

तुझं उत्तर आलं नाही.

तुला ऐकू गेलं नाही असं वाटलं. पण तू माझ्याकडेच बघत होतीस, मला दिसत होतीस, लाल टोपी. खालून "मोकळं" आल्याशिवाय निघायचं नाही हे बाबांनी आपल्या हाडात मुरवलंय, सुटी फळी कुणाच्या नडगीवर गेली म्हणजे काय होतं ते आपण पाहिलंय. पण त्या दिवशी खाली कोण होतं? कुत्रंही नव्हतं. मग एवढा वेळ का लावलास?

आणि दुसरं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. दोरी आठवते आणि मग तू माझ्यावर वाकलेली आठवतेस. मधलं सगळं कोरं आहे. तू बघत होतीस, मला सांग.

गेरिट

---

मस्कीगन
३ मार्च

प्रिय गेरिट,

विचारशील हे माहीत होतं. तुझं पत्र येऊन पडलं होतं, मी बाजूने जात-येत होते. आज बसले.

ऐकू आलं होतं. लगेच ऐकू आलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वर वारा सुटला आणि तुझी पँट पायाला चिकटली. उजवीकडे पाय होता आणि डावीकडे काठीसारखी नळी होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली, गेरिट. विमानतळावर, घरात, सूप वाढताना, चार दिवस मी तुझ्या गुडघ्याच्या खाली नजर जाऊच दिली नव्हती. आवाज फुटेना.

मग आवाज होता, पण मी दिला नाही. हे तुला सांगायचंय. मला कळलं होतं की मी गप्प राहिले तर तू निघणार नाहीस. तू असा उभा राहशील, मग वैतागशील, मग फळी काखेत मारून पायऱ्यांनी खाली येशील. आपण गाडीत बसू, कॉफी पिऊ, आणि मी तुला आणला तसा परत पाठवीन. ओरडायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं. इतकं सोपं काम देवाने मला आजवर दिलं नव्हतं.

आणि तू फळीवर पाय ठेवलास. उजवा पुढे, सहज. मग डावा. तो तू खाली वाकून, डोळ्यांनी बघत, त्या खोल खाचेवर नेलास आणि टेकवलास, भरलेली कपबशी टेकवावी तसा. ताठ झालास. दुसऱ्यांदा हाक दिली नाहीस. नुसता थांबलास. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या आख्ख्या टेकडीवर तुला बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती आणि ती मी होते. पट्टा मीच होते. आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी छाती फुटेस्तोवर ओरडले. मोकळं.

आता मधलं सांगते.

तू ढकललं नाहीस. फळी आपण होऊन निघाली. आधी हळू, मला वाटलं थांबतेय. मग उतार लागला आणि तू डावीकडे झुकलास, मी म्हटलं गेला, आणि तू गेला नाहीस. फळी वळली. दोरी तुझ्या हातात सैल होती, तू तिला धरलेलीही नव्हतीस म्हणायला हरकत नाही. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, हे एवढे मोठे वळसे, एवढी घाई नसलेले, आणि तू वळलास तिथे बर्फ वर उठून उन्हात थांबायचा. तेवढ्यापुरतं ऊन आलं होतं, तुला माहीत नसेल. आवाज नव्हता. मी श्वास घेत नव्हते, त्यामुळे तोही नव्हता.

तुझा चेहरा कसा होता सांगू? त्यावर काहीही नव्हतं. भीती नाही, हसू नाही. जोन गेली तेव्हापासून तुझ्या भुवयांमध्ये जी आठी पडलीय ती नव्हती. तू माझ्या इतक्या जवळून गेलास की तुझ्या वाऱ्याने माझी टोपी हलली, आणि तुला मी दिसले नाही. सगळे थांबतात त्या पाइनच्या पुढे गेलास. रोवनही त्या झाडाच्या पुढे गेलेली नाही. आणि मग अगदी सपाटीवर, जिथे पडायचं काही कारणच नाही तिथे, फळी थांबली आणि तू उभ्याचा आडवा झालास. नळीचा तडा तिथला.

मी धावले. या गुडघ्यांनी. तू उताणा पडला होतास, डोळे उघडे, आणि मी वाकले तर म्हणालास, "नेल, ते वर बघ केवढं आहे." मी वर पाहिलं. आकाश होतं, दुसरं काही नव्हतं. पण तू खरं बोलत होतास, ते फार मोठं होतं. मी दोन मुलांना जन्म दिलाय आणि बाबांचे डोळे मिटलेत, पण त्या सकाळी पाहिलं तेवढं मोठं मी काही पाहिलेलं नाही. डोळे त्यामुळे सुजले होते. दुःखाने नव्हे.

आता एक राहिलं. नोव्हेंबरात मी लिहिलं होतं, मीही काही मागे नाही. ती थाप होती. कंबर मोडली त्या हिवाळ्यापासून मी एकदाही उतरलेले नाही. फळ्या करते, खाली उभी राहते, पोरांना "मोकळं" म्हणते, आणि सगळ्यांना वाटतं म्हातारी एके काळी काय उतरत असेल. तुझ्या फळीवर खाचा तुझ्या पायांच्या आहेत, माझे पाय त्यात मावत नाहीत. म्हणून काल नवं लाकूड आणलं आणि वर्तमानपत्रावर उभी राहिले. पेन्सिल फिरवायला हेंड्रिकना बोलावलं.

पुढच्या नोव्हेंबरात ये. मी वर असेन, तू खाली. मी हाक देईन तेव्हा ताबडतोब उत्तर दे, गेरिट. क्षणभर जरी उशीर केलास तरी मी पायऱ्यांनी खाली येईन.

नेल